एईएस-१२८ ची किल्ली वीजप्रवाहातून कशी काढावी: एक चिप, एक रेझिस्टर आणि एक स्कोप

एईएस-१२८ ही १६ बाइटांच्या गुप्त किल्लीने माहिती कुलूपबंद करण्याची प्रमाणित पद्धत. ती चालवणारी चिप आकडेमोड करते तेव्हा वीज खाते, आणि नेमकी किती खाते हे तिच्या हातात त्या क्षणी कोणता आकडा आहे यावर किंचित अवलंबून असते. पॉल कोचर, जोशुआ जाफी आणि बेंजामिन जुन यांनी १९९९ च्या क्रिप्टो परिषदेत दाखवून दिले की हा किंचित फरक शेकडो-हजारो वेळा मोजून त्यातून गुप्त किल्ली काढता येते. २००४ मध्ये ब्रिए, क्लाविए आणि ऑलिव्हिए यांनी त्याच विचाराला सहसंबंध गुणांकाची सुबक गणिती चौकट दिली. ती पद्धत सीपीए, म्हणजे कोरिलेशन पॉवर ॲनालिसिस. २०१६ मध्ये फिलिप्स ह्यू दिव्यांचे फर्मवेअर ज्या सामाईक किल्लीने सुरक्षित केले जाई, ती किल्ली संशोधकांनी याच जातीच्या मापनातून बाहेर काढली. एईएसच्या गणितात कुठेही खोट नव्हती. ते गणित करणारी चिप बोलत होती.

हार्डवेअर सुरक्षेवर एम.टेक. किंवा पीएच.डी. सुरू करणाऱ्याने हा प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने, विकत घेतलेल्या तयार बोर्डाशिवाय करावा. चिपव्हिस्परर-लाइटसारखा बोर्ड घेतला तर पहिल्याच दिवशी किल्ली मिळते, पण ती का मिळाली हे कळत नाही. पुढे स्वतःच्या सर्किटवर मिळाली नाही, तर का मिळाली नाही हेही कळत नाही. या कामातले बहुतेक अपयश सूत्रात नसते. ते ग्राउंडमध्ये, ट्रिगरमध्ये (मोजणी कधी सुरू करायची हे स्कोपला सांगणाऱ्या खुणेत) किंवा एका विसरलेल्या कपॅसिटरमध्ये असते. म्हणून खालच्या पायऱ्यांत जोडणीला आणि पडताळणीला जास्त जागा दिली आहे.

आधी कागदावरची चिप

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी हल्ल्याचा प्रोग्राम खोट्या ट्रेसवर चालवून बघा. ट्रेस म्हणजे एका एन्क्रिप्शनच्या वेळी मोजलेल्या व्होल्टेजची ओळ. पायथन आणि नमपाय पुरेसे आहे. यादृच्छिक १६ बाइटांचे प्लेनटेक्स्ट, म्हणजे कुलूपबंद करायचा मूळ मजकूर, बनवा आणि ठरवलेल्या किल्लीच्या पहिल्या बाइटशी त्याचा पहिला बाइट एक्सॉर करा, म्हणजे बिट वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ० लिहा. तो एस-बॉक्समधून, म्हणजे एका बाइटच्या जागी दुसरा बाइट देणाऱ्या एईएसच्या ठरलेल्या तक्त्यातून, काढा आणि आलेल्या बाइटमध्ये १ असलेले बिट किती ते मोजा. याला हॅमिंग वेट म्हणतात. ते ट्रेसमधल्या एखाद्या ठरावीक जागी ठेवा आणि सगळ्या ट्रेसवर सामान्य वितरणाचा नॉइज मिसळा.

८ बिटांच्या यादृच्छिक बाइटच्या हॅमिंग वेटचे प्रसरण बरोबर २ असते. नॉइजचे प्रमाण विचलन ४ ठेवले तर त्याचे प्रसरण १६, म्हणजे संकेत आणि नॉइज यांचे गुणोत्तर ०.१२५. त्यावरून अपेक्षित सहसंबंध ०.१२५ भागिले १.१२५ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे ०.३३ येतो. लागणाऱ्या ट्रेसचा ढोबळ अंदाज २८ भागिले सहसंबंधाचा वर्ग असा काढतात, म्हणजे इथे सुमारे २५०. तुमच्या प्रोग्रामला याच्या आसपास किल्ली मिळाली नाही तर चूक प्रोग्रामात आहे. ती इथेच सापडलेली बरी, कारण खरे ट्रेस आल्यावर दोष देण्यासाठी वीस जागा असतात.

सामान

२८ पायांची डीआयपी एटीमेगा ३२८पी, तीच जी अर्दुइनो उनोवर बसते. ८ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर. २२ ओहमचा एक टक्का अचूकतेचा मेटल-फिल्म रेझिस्टर, हाच आपला शंट, म्हणजे ज्याच्यावर पडणाऱ्या व्होल्टेजवरून प्रवाह कळतो तो रेझिस्टर. १० किलोओहम एक, १ किलोओहम तीन. १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर प्रत्येकी एक. चार रिचार्जेबल एए सेल आणि त्यांचा होल्डर. यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर, आयएसपी प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम भरणारे उपकरण) आणि ब्रेडबोर्ड. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सगळे एका फेरीत मिळते. चिपा मात्र दोन-तीन घ्या, एक प्रयोगात जाणारच.

महाग वस्तू एकच, ऑसिलोस्कोप. ८ बिट, १०० मेगाहर्ट्‌झ बँडविड्थ, १०० मेगासँपल प्रतिसेकंद किंवा अधिक वेग, बाह्य ट्रिगर किंवा दुसरा चॅनेल, आणि संगणकावर ट्रेस पाठवण्याची सोय एवढे असले की झाले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला साधा डिजिटल स्कोप बहुधा यात बसतो.

जोडणी: खरी लढाई इथे

सेलच्या धन टोकाला १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडशी जोडा. तिथून २२ ओहमचा शंट, आणि शंटच्या पुढे चिपचा ७ नंबरचा व्हीसीसी पाय. २० नंबरचा एव्हीसीसी पायही शंटच्या पुढेच जोडायचा. तो थेट सेलला गेला तर चिपला वीज मिळण्याची दुसरी वाट उघडते आणि मोजायचा प्रवाह तिकडून निसटतो. ८ आणि २२ हे दोन्ही पाय ग्राउंडला. १ नंबरच्या रीसेट पायाला १० किलोओहमने व्हीसीसीकडे ओढा. क्रिस्टल ९ आणि १० या पायांवर, प्रत्येक पायापासून ग्राउंडला २२ पिकोफॅरड. एआरईएफचा २१ नंबरचा पाय मोकळा राहू द्या.

शंटच्या चिपकडच्या बाजूला एकही कपॅसिटर नको. सर्किटच्या वर्गात शिकवलेल्या सवयीच्या हे अगदी विरुद्ध आहे, म्हणून हात आपोआप तिथे ०.१ मायक्रोफॅरड लावतो. २२ ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मिळून २.२ मायक्रोसेकंदांचा कालस्थिरांक, म्हणजे सुमारे ७२ किलोहर्ट्‌झची चाळणी तयार होते. ८ मेगाहर्ट्‌झवर घडणारे सगळे तिच्यात गडप होते आणि स्कोपवर एक गुळगुळीत, देखणी आणि पूर्ण निरुपयोगी रेघ दिसते. अर्दुइनो उनोचा अख्खा बोर्ड वापरू नये तो याच कारणाने. त्यावरचे कपॅसिटर काढणे आणि व्हीसीसीची पट्टी कापणे यापेक्षा ब्रेडबोर्ड सोपा.

२२ ओहमच का? ५ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्‌झवर ही चिप साधारण ५ मिलीॲम्पिअर घेते. २२ ओहमवर ०.११ व्होल्ट पडतात आणि चार सेलांच्या ४.८ व्होल्टांतून चिपला ४.६९ मिळतात. १६ मेगाहर्ट्‌झवर प्रवाह दुपटीच्या आसपास जातो. तिथे ४७ ओहम लावले तर जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो, आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार १० मेगाहर्ट्‌झच्या वर जसजसे जाल तसतशी व्होल्टेजची किमान मर्यादा चढत जाते. चिप अधूनमधून चुकीचे उत्तर देऊ लागते. ८ मेगाहर्ट्‌झला २.७ व्होल्टही चालतात, त्यामुळे ही चिंता राहत नाही.

शंट ग्राउंडच्या बाजूला लावला तर स्कोपला मोजणे सोपे जाते असे वाटते, आणि बऱ्याच आकृत्यांत तो तिथेच असतो. पण यूएसबी-सिरियल ॲडॉप्टरचे ग्राउंड, संगणकाचे ग्राउंड आणि स्कोपचे ग्राउंड भिंतीतल्या अर्थिंगमार्गे एकच आहेत. ॲडॉप्टरचे ग्राउंड चिपच्या ग्राउंड पायाशी जोडले की शंटला समांतर तांब्याची तार लागली, आणि सगळा प्रवाह तिकडून जातो. म्हणून शंट वरच्या बाजूलाच.

चोरवाटा आणखी तीन आहेत. प्रोग्रामरचा व्हीसीसी पाय चिपला थेट वीज पुरवतो, म्हणून प्रोग्रामिंग झाले की त्याची केबल उपटून बाजूला ठेवा. ॲडॉप्टरचा व्हीसीसी तर जोडूच नका. ॲडॉप्टरच्या टीएक्स रेषेतूनही चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमार्गे वीज शिरते, इतकी की सेल काढले तरी कधीकधी चिप चालू राहते. सेल काढून हे तपासून बघा, आणि दोन्ही सिरियल रेषांत १ किलोओहम घाला. तिसरी वाट ट्रिगरच्या पायाची. त्याच्यावर खूण म्हणून एलईडी लावण्याचा मोह होतो. एलईडीचे काही मिलीॲम्पिअर शंटमधूनच येतात आणि नेमक्या हव्या त्या क्षणी ट्रेसला मोठी पायरी पडते. एलईडी नको. ट्रिगर १४ नंबरच्या पायावरून घ्या आणि त्यातही १ किलोओहम घाला.

फर्मवेअर

कोऱ्या चिपमध्ये क्लॉकला आठने भागणारा फ्यूज (चिपच्या आत जपून राहणारी सेटिंग) चालू असतो आणि घड्याळ आतल्या आरसी ऑसिलेटरवर असते, म्हणजे चिप १ मेगाहर्ट्‌झवर धावते. भागाकाराचा फ्यूज बंद करा आणि बाहेरचा क्रिस्टल निवडा. आतला ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतो, त्यामुळे सकाळचे ट्रेस आणि दुपारचे ट्रेस एकावर एक बसत नाहीत.

सिरियलचा वेग ३८,४०० ठेवा. ८ मेगाहर्ट्‌झवर त्याची चूक ०.२ टक्क्यांच्या आत येते. १,१५,२०० ठेवला तर चूक साडेतीन टक्के होते आणि शेकड्यात एखादा बाइट बिघडतो. असा बिघाड लवकर लक्षात येत नाही, पण हल्ल्याची धार बोथट करतो.

प्रोग्रामचा क्रम असा. १६ बाइट घ्यायचे, इंटरप्ट बंद करायचे, ट्रिगर वर, एन्क्रिप्शन, ट्रिगर खाली, इंटरप्ट चालू, १६ बाइट परत पाठवायचे. राउंड किल्ल्या, म्हणजे एईएसच्या प्रत्येक फेरीसाठी मूळ किल्लीपासून बनणाऱ्या किल्ल्या, आधीच बनवून ठेवा, ट्रिगरच्या आत त्यांचे काम नको. इंटरप्ट बंद करायला विसरलात आणि अर्दुइनोची लायब्ररी आत असेल, तर तिचा टायमर ८ मेगाहर्ट्‌झवर दर २,०४८ मायक्रोसेकंदांनी मध्ये घुसतो. काही ट्रेस काही डझन क्लॉकनी पुढे ढकलले जातात आणि बाकीचे जागेवर राहतात. सरासरी ट्रेस पाहून हे कळत नाही, पन्नास ट्रेस एकावर एक काढले की लगेच दिसते.

चिप खरोखर एईएस करते आहे का, हे आधी पाहा. फिप्स १९७ या मानकाच्या परिशिष्टातला नमुना वापरा. किल्ली षोडशमान पद्धतीत २बी ७ई १५ १६ २८ एई डी२ ए६ एबी एफ७ १५ ८८ ०९ सीएफ ४एफ ३सी, आणि त्या परिशिष्टातल्या प्लेनटेक्स्टचे उत्तर ३९ २५ ८४ १डी असे सुरू व्हायला हवे.

स्कोप

शंटच्या चिपकडच्या टोकाला प्रोब, एसी कपलिंग, आणि ग्राउंडची क्लिप चिपच्या ग्राउंडला. मगरमुखी लांब तार लावू नका. ती अँटेना बनते आणि ट्यूबलाइटच्या चोकपासून पंख्याच्या रेग्युलेटरपर्यंत सगळे पकडते. प्रोबसोबत येणारी छोटी स्प्रिंग वापरा. प्रोब दहापट कमी करणाऱ्या स्थितीत असेल तर आधीच चिमूटभर असलेला संकेत आणखी दहाने घटतो. एकपट स्थितीत प्रोबची बँडविड्थ बरीच खाली येते. दोन्ही टाळायचे तर आखूड कोअ‍ॅक्सियल केबल ब्रेडबोर्डावरून थेट स्कोपला न्यावी, आणि शक्य असेल तर मध्ये २० डेसिबलचा लो-नॉइज ॲम्प्लिफायर घालावा.

उभे माप शक्य तितके ताणा. ८ चौकटींच्या पडद्यावर चौकटीला २० मिलीव्होल्ट ठेवले तर १६० मिलीव्होल्टांचे २५६ भाग, म्हणजे एक पायरी ०.६२५ मिलीव्होल्ट. चौकटीला १०० मिलीव्होल्ट ठेवले तर हीच पायरी ३ मिलीव्होल्टांच्या वर जाते, आणि एका बिटाचा फरक त्याहून लहान असतो. पण ताणताना शिखरे कापली जाता कामा नयेत. कच्च्या आकड्यांत ० किंवा २५५ दिसले की माप एक पायरी सैल करा. २० मेगाहर्ट्‌झची बँडविड्थ मर्यादा चालू ठेवा. आपला संकेत तिच्या आत आहे, आणि बाहेरचा बराचसा नॉइजच असतो.

आधी पूर्ण एन्क्रिप्शन पडद्यावर आणा. सारख्याच दिसणाऱ्या नऊ आकृत्या आणि शेवटची थोडी आखूड दहावी, कारण शेवटच्या राउंडमध्ये मिक्सकॉलम्स ही बाइट मिसळण्याची पायरी नसते. ही दहा पावले डोळ्यांना दिसली की जोडणी बरीचशी बरोबर आहे. मग पहिल्या १,००० क्लॉकांवर, म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांवर या. १०० मेगासँपलच्या वेगाने हे १२,५०० नमुने होतात. असे २,००० ट्रेस नमुन्यामागे एक बाइट अशा कच्च्या रूपात २५ मेगाबाइट होतात. गणितासाठी ३२ बिटांत उलगडले की १०० मेगाबाइट. साध्या लॅपटॉपला पेलणारे काम आहे. वेळ खातो तो स्कोपकडून संगणकाकडे जाणारा डेटा. सेकंदाला ५ ट्रेस आले तर २,००० ला सात मिनिटे लागतील.

प्रत्येक ट्रेसबरोबर प्लेनटेक्स्ट आणि चिपने परत दिलेले सायफरटेक्स्ट, म्हणजे कुलूपबंद झालेला मजकूर, साठवा. सायफरटेक्स्ट संगणकावर त्याच वेळी तपासा, न जुळणारा ट्रेस फेकून द्या आणि किती फेकले ते लिहून ठेवा.

किल्लीला हात लावण्याआधी तीन प्रश्न

थेट हल्ला चालवू नका. या तीन पायऱ्या क्रमाने चढा. जिथे अडाल, तिथेच दोष आहे.

पहिला प्रश्न, प्लेनटेक्स्ट दिसते का? पहिल्या बाइटच्या हॅमिंग वेटचा ट्रेसमधल्या प्रत्येक नमुन्याशी सहसंबंध काढा. यात किल्ली लागतच नाही. चिप तो बाइट मेमरीतून उचलते तिथे टोक दिसायलाच हवे. निव्वळ योगायोगाची उंची साधारण ४ भागिले ट्रेसच्या संख्येचे वर्गमूळ एवढी धरतात. १,००० ट्रेसना ती ०.१२६ आणि २,००० ना ०.०८९. याच्या वर काहीच नसेल तर विद्युत जोडणी किंवा ट्रिगर बिघडला आहे. किंवा एक हमखास होणारी गोष्ट घडली आहे. स्कोपने मागचा ट्रेस दिला आणि तुम्ही त्याला आत्ताचे प्लेनटेक्स्ट चिकटवले. प्लेनटेक्स्टची यादी एक घर मागे-पुढे सरकवून पुन्हा काढा. टोक उगवले तर दोष सापडला.

दुसरा प्रश्न, किल्ली माहीत असताना एस-बॉक्सचे उत्तर दिसते का? सोळाही बाइटांसाठी हा सहसंबंध काढला की एकामागून एक सोळा टोके, समान अंतरावर, पायऱ्यांसारखी दिसतात. हे चित्र छापून टेबलासमोर लावावे इतके ते उपयोगी आहे. पुढे काहीही बिघडले की आधी याच्याशी ताडून पाहता येते.

तिसरा प्रश्न, ट्रेस एकावर एक बसतात का? ट्रेस इकडेतिकडे होत असतील तर सरासरी ट्रेसचा एक ठळक तुकडा घ्या आणि प्रत्येक ट्रेस थोडा सरकवून कुठे सर्वांत चांगला जुळतो ते पाहा. एक क्लॉक म्हणजे इथे साडेबारा नमुने. १०० नमुन्यांहून जास्त सरकवावे लागत असेल तर सरकवू नका, फर्मवेअरमध्ये कारण शोधा.

किल्ली काढणे

आता किल्ली माहीत नाही असे धरा. पहिल्या बाइटसाठी ० ते २५५ असे २५६ अंदाज घ्या. प्रत्येक अंदाजासाठी सगळ्या ट्रेसचे एस-बॉक्सचे उत्तर आणि त्याचा हॅमिंग वेट काढा. २,००० ओळी आणि २५६ स्तंभांचा तक्ता तयार होईल. ट्रेसचा तक्ता २,००० ओळी आणि १२,५०० स्तंभांचा. दोन्हींतून स्तंभांची सरासरी वजा करा, एकाच्या ओळी-स्तंभांची अदलाबदल (ट्रान्सपोज) करून दुसऱ्याशी गुणा, आणि दोन्हींतल्या प्रत्येक स्तंभाच्या लांबीने, म्हणजे त्यातल्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने, भागा. २५६ गुणिले १२,५०० असे सहसंबंध एका फटक्यात मिळतात. ज्या अंदाजाच्या ओळीत सर्वांत उंच टोक, तो किल्लीचा बाइट. हेच सोळा वेळा.

सरासरी वजा केल्याशिवाय ३२ बिटांत वर्गांच्या बेरजा करू नका. मोठ्या आकड्यांतून मोठे आकडे वजा होताना अचूकता निघून जाते. बेरजा ६४ बिटांत ठेवा.

एक्सॉरचे उत्तर सोडून एस-बॉक्सचेच का घ्यायचे, हे नीट समजून घेतले पाहिजे. एक्सॉर रेषीय आहे. खऱ्या किल्लीपेक्षा एका बिटाने वेगळा अंदाज जवळजवळ तितकाच सहसंबंध देतो, आणि सगळे बिट उलटे असलेला अंदाज तर नेमका तेवढाच, फक्त उणे चिन्हाचा. एस-बॉक्समध्ये एक बिट बदलला की उत्तर पार विस्कटते, त्यामुळे चुकीचे अंदाज एकमेकांपासून आणि खऱ्यापासून दूर पडतात. एईएसला गणिती हल्ल्यांपासून वाचवणारा हा गुण इथे आपल्या उपयोगी पडतो.

१६ पैकी १४ बाइट ठाम मिळाले आणि दोन डळमळीत राहिले तर आणखी ट्रेस घेत बसू नका. दोन बाइटांच्या ६५,५३६ शक्यता एका ज्ञात प्लेनटेक्स्ट-सायफरटेक्स्ट जोडीवर तपासायला संगणकाला क्षणभर लागतो.

चिप बदलली की प्रारूपही, म्हणजे आकडा आणि वीज यांचे धरलेले नातेही, तपासून घ्या. मोठ्या ३२ बिटी प्रोसेसरवर हॅमिंग वेट अनेकदा फसतो, कारण तिथे रजिस्टरमधल्या जुन्या आणि नव्या किमतीत किती बिट बदलले हे वीज ठरवते. आधी तिथे काय होते हे माहीत असल्याशिवाय नेमका अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी असेंब्ली वाचावी लागते.

निकाल मांडताना "४०० ट्रेसमध्ये किल्ली मिळाली" असे एका धावेवरून लिहू नये. साठवलेल्या ट्रेसमधून ५०, १००, २०० असे गट यादृच्छिक निवडा, प्रत्येक आकाराचे निदान १०० गट करा, आणि २५६ अंदाजांतला खऱ्या बाइटचा सरासरी क्रमांक ट्रेसच्या संख्येसमोर काढा. हीच रेघ दुसऱ्या प्रयोगशाळेला ताडून पाहता येते.

संरक्षण घातल्यावर

संशोधन खरे इथून सुरू होते. सर्वांत परिचित उपाय मास्किंग. प्रत्येक एन्क्रिप्शनला नवा यादृच्छिक बाइट घ्यायचा, किमतीला एक्सॉर करायचा आणि एस-बॉक्सचा तक्ता त्या मास्कप्रमाणे रॅममध्ये नव्याने बांधायचा. २५६ बाइटांचा तक्ता या चिपच्या २ किलोबाइट रॅममध्ये आरामात बसतो.

कागदावर हे बिनचूक आहे. चिपवर मात्र एकाच मास्कने झाकलेल्या दोन किमती एकाच रजिस्टरमध्ये पाठोपाठ आल्या की दोघींमधला बदल म्हणजे त्यांचा एक्सॉर, आणि एक्सॉरमध्ये मास्क स्वतःलाच खोडतो. उघड्या किमतींचा संबंध बाहेर पडतो. उपाय म्हणून मध्ये रजिस्टर शून्य करण्याची ओळ सी भाषेत लिहिली, तर कंपायलर ती निरर्थक समजून काढून टाकतो. हा भाग असेंब्लीत लिहा, आणि तयार झालेली फाइल उलगडून ती ओळ शिल्लक आहे का ते डोळ्यांनी पाहा.

दुसरा उपाय शफलिंग, सोळा बाइटांचा क्रम दर वेळी पिसायचा. ठरलेल्या जागी हवा तो बाइट सोळात एकदाच येतो, सहसंबंध १६ पट घटतो आणि लागणारे ट्रेस २५६ पट वाढतात. पण हल्लेखोराने सोळाही जागांची बेरीज करून वापरली तर त्यातला बराच फायदा हातचा जातो. म्हणून हा आकडा प्रबंधात संरक्षणाची हमी म्हणून मांडू नका.

गळती उरली आहे का हे तपासण्यासाठी टी-चाचणी करतात. एका गटाला एकच ठरावीक प्लेनटेक्स्ट, दुसऱ्याला यादृच्छिक. प्रत्येक नमुन्यावर वेल्चची टी किंमत (दोन गटांच्या सरासरीतला फरक नॉइजच्या तुलनेत किती मोठा ते सांगणारी) काढायची आणि ती ४.५ च्या पलीकडे गेली तर गळती मानायची. यातल्या तीन चुका वारंवार छापील निबंधांतही दिसतात.

आधी सगळे ठरावीक आणि मग सगळे यादृच्छिक ट्रेस घेतले, तर मधल्या काळात चिप तापते, सेल उतरतात, आणि टी किंमत त्या फरकाने वर जाते. प्रत्येक ट्रेससाठी नाणेफेक करून गट निवडा.

प्लेनटेक्स्ट उघडे उचलण्याचा भाग मापनात आला तर तिथे टी आकाशाला भिडते, पण त्यात गुपित काहीच नाही. मास्क लावण्याचे काम ट्रिगरच्या आधी उरका.

तिसरी चूक ४.५ ला लक्ष्मणरेषा मानण्याची. १२,५०० नमुन्यांत निव्वळ योगायोगाने एखादा नमुना ती ओलांडण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास असते. दुसरा स्वतंत्र संच घ्या आणि त्याच जागी, त्याच चिन्हाने टी पुन्हा बाहेर गेली तरच गळती म्हणा.

याच्या उलट बाजूला अधिक जपायला हवे. टी शांत राहिली म्हणजे संरक्षण टिकले असे नाही. प्रोब सुटलेला असेल तरीही टी शांतच राहते. म्हणून प्रत्येक वेळी आधी मास्क शून्य करून, बाकी काही न हलवता, तीच चाचणी चालवा. तिथे गळती धडधडीत दिसली पाहिजे. मग मास्क चालू करून मोजा. ही जोडी अहवालात नसेल तर "गळती आढळली नाही" या वाक्यावर परीक्षकाने विश्वास ठेवण्याचे काही कारण नाही.

स्वतःच्या मापनाआधी हात बसवायचा असेल तर फ्रान्सच्या अ‍ॅन्सी या संस्थेने खुला केलेला आस्काड हा संच चांगला. एटीमेगा ८५१५ वरचे मास्क केलेले एईएस, ५०,००० ट्रेस शिकवणीसाठी आणि १०,००० हल्ल्यासाठी. त्यात पहिल्या दोन बाइटांना मास्क नाही, हे लक्षात न घेता पहिल्या बाइटवर मिळवलेले यश खरे धरू नका.

नोंदी आणि मर्यादा

ट्रेसच्या फाइलबरोबर सँपलिंगचा वेग, उभे माप, कपलिंग, शंटची किंमत, प्रोबची स्थिती, सेलचे मोजलेले व्होल्टेज, कंपायलरची आवृत्ती आणि ऑप्टिमायझेशनची पातळी, फर्मवेअरचा हॅश आणि वापरलेली किल्ली एवढे लिहा. कंपायलरची पातळी बदलली की गळतीची जागा बदलते, कधी नवी गळती उगवते. कच्चे आकडे बदलू नका. सरकवलेले, गाळलेले ट्रेस वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

हे सगळे स्वतःच्या चिपवर, स्वतः घातलेल्या किल्लीवर करा. दुसऱ्याच्या मालकीचे कुलूप, कार्ड किंवा मीटर परवानगीशिवाय टेबलावर आणले तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली ४३ आणि ६६ ही कलमे लागू होऊ शकतात. स्वतः विकत घेतलेल्या उत्पादनात दोष सापडला तर आधी उत्पादकाला लेखी कळवा, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवा, आणि दुरुस्तीला वेळ देऊन मगच निबंध पाठवा. कळवताना ट्रेसची संख्या, यशाची रेघ आणि मास्क शून्य ठेवून केलेली चाचणी सोबत जोडा, म्हणजे त्यांच्या अभियंत्याला तोच दोष त्याच्या टेबलावर पुन्हा उभा करता येईल.